वाकड्या दातांची बखर

गेल्या वर्षीचा गुढीपाडवा. पाने वाढून झाली होती, श्रीखंडाचे भांडे मध्यभागी होते, आणि मी पहिल्या पुरीला हात घालणार इतक्यात आमच्या कन्येने तोंडात दोन बोटे घातली, 'टक्' असा आवाज केला आणि काचेसारखा एक अख्खा जबडा बाहेर काढला. पाठोपाठ दुसरा. दोन्ही जबडे तिने एका निळ्या डबीत ठेवले, झाकण लावले आणि म्हणाली, "हं, वाढ गं आई."

माझा हात पुरीवर तसाच राहिला. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी माझे बत्तिसांपैकी सत्तावीस दात अजून कामावर हजर आहेत, आणि या पोरीला बेचाळिसाव्या वर्षी कवळी! मी सौ.कडे पाहिले. ती शांतपणे वरण वाढत होती. म्हणजे हिला ठाऊक होते. आमच्या घरात कुठलीही बातमी सर्वांत शेवटी मला कळते. आधी कामवाल्या बाईंना, मग शेजारी, मग दूधवाल्याला, आणि कुणी उरलेच नाही तर मला.

"कवळी नाही हो बाबा," कन्या म्हणाली, "अलाइनर आहेत. दात सरळ करायचे."

"या वयात?" मी विचारले.

"मग कोणत्या वयात?" ती म्हणाली, आणि तिने पुरी घेतली.

आता वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर मला येत होते. म्हणून तर मी गप्प बसलो आणि श्रीखंडाकडे वळलो.

ते उत्तर १९९५ सालचे आहे. कन्या बारा वर्षांची होती. वरच्या डाव्या बाजूचा तिचा सुळा तोंडात यायला निघाला, तेव्हा त्याच्या जागेवर आजूबाजूची मंडळी आधीच ऐसपैस बसलेली होती. वरचा सुळा बिचारा मुळात उशिरा येणारा पाहुणा; अकराव्या-बाराव्या वर्षी पोचतो. जागा मिळाली नाही तेव्हा त्याने सरळ गॅलरीत मुक्काम ठोकला. दातावर दात. आम्ही तिला एका दंतवैद्यांकडे नेले. त्यांनी तारा लावाव्या लागतील, दोन वर्षे लागतील आणि नऊ हजार रुपये लागतील, असे तीन आघात एका दमात केले. त्या काळी माझ्या पगारातून घराचा हप्ता, स्कूटरचा हप्ता आणि सोसायटीचा कर्जाचा हप्ता वजा जाता जे उरे त्याला मी 'उरलेला हप्ता' म्हणत असे. मी म्हणालो, "विचार करून कळवतो." मध्यमवर्गीय माणूस 'विचार करून कळवतो' म्हणाला की त्याचा विचार झालेला असतो आणि तो कळवणार नसतो.

परतताना स्कूटरवर मागे बसलेल्या मुलीला मी ओरडून सांगितले, "अगं, तो आजीचा दात आहे! नशीबवान आहेस!"

यात खोटे काही नव्हते. माझ्या आईचा डावा सुळा अगदी तसाच होता. आई १९८१ मध्ये गेली, म्हणजे नातीने तिला पाहिलेले नाही. पण मधल्या मला वगळून तो दात नेमका एकीकडून दुसरीकडे गेला, जसे काही मी टपालपेटी होतो. मुलीने माझे म्हणणे मानले. मुली बारा वर्षांपर्यंत बापाचे सगळे मानतात. त्यानंतरच्या एकाही फोटोत मात्र ती तोंड उघडून हसलेली नाही. तिच्या लग्नाच्या आल्बममध्ये दोनशेवीस फोटो आहेत. त्यांतल्या एकात दात दिसतो, आणि तोही घास भरवतानाचा. तिथे तिचा इलाज नव्हता.

तर पाडव्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी दात सरळ करण्याच्या इतिहासाचा अभ्यास सुरू केला. मन खायला लागले की मी काहीतरी वाचायला घेतो. त्याने मन थांबत नाही, पण आपण कामात आहोत असे घरातल्यांना वाटते.

पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की आपल्याकडे दातांचा विचार झाला तो मुख्यतः चण्यांच्या संदर्भात. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. दात होते की नव्हते एवढाच हिशेब. रांगेत होते का, हे कुणी विचारले नाही. ज्या देवाला आपण प्रत्येक कामाच्या आरंभी बोलावतो त्याचा एक दात मोडलेला आहे आणि त्यावरूनच त्याला एकदंत म्हणतात, तिथे एखादा सुळा जरा पुढे आला म्हणून कोण तक्रार करणार?

परदेशातही फार जुने काही नाही. प्राचीन इजिप्तच्या ममींच्या दातांना तारा बांधलेल्या सापडल्या असे पुष्कळ जण ठासून सांगतात. इटलीतल्या एट्रुस्कन लोकांच्या सोन्याच्या पट्ट्याही पुराव्याला आणतात. पण त्या पट्ट्या होत्या खोटे दात शेजाऱ्यांच्या आधाराने उभे ठेवण्यासाठी. म्हणजे ती कवळीची आजी, तारांची नव्हे. खरा पुरावा सापडतो तो केल्सस या रोमन ग्रंथकाराचा, इसवी सनाच्या पहिल्या शतकातला. तो म्हणतो, मुलाचा दुधाचा दात पडायच्या आधीच नवा दात डोकावला तर दुधाचा काढून टाका आणि नव्याला रोज बोटाने दाबत राहा, जागेवर येईपर्यंत.

संपले! पुढच्या दोन हजार वर्षांत या शास्त्राने जे काही केले ते या बोटाच्या जागी काय ठेवायचे एवढेच ठरवण्याचे काम. आमच्या लहानपणी मात्र नेमके उलटे होते. दात पडला की त्या खिंडीत जीभ घालायची नाही, नाहीतर नवा दात वाकडा येतो, अशी आजीची सक्त ताकीद असे. मी ती पाळली नाही आणि माझे दात सरळ आले. माझ्या आईने बहुधा पाळली असावी.

बोटाच्या जागी पहिली वस्तू ठेवली ती प्येर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने. त्याचा ग्रंथ पॅरिसला १७२८ साली निघाला; म्हणजे इकडे पहिला बाजीराव पालखेडला निजामाला कोंडीत धरत होता त्याच वर्षी. फोशारने सोन्याची किंवा चांदीची एक पातळ पट्टी घेतली, तिला भोके पाडली आणि वाकडे दात दोऱ्याने त्या पट्टीला बांधले. पट्टी सरळ, म्हणून हळूहळू दातही सरळ. रोग्याला धीर नसला तर त्याच्याकडे दुसरा उपाय होता. पक्कड घेऊन दात जागच्या जागी पिळून सरळ करायचा आणि धरेपर्यंत शेजाऱ्यांना बांधून ठेवायचा. हे वाचताना माझी दातखीळ बसली. क्लोरोफॉर्म यायला अजून शंभराहून अधिक वर्षे होती.

यानंतर दीड शतक युरोप-अमेरिकेत ज्याला जे सुचेल ते तो रोग्याच्या तोंडात बसवत होता: स्क्रू, स्प्रिंगा, लाकडाच्या पाचरी, डोक्यावरून घोड्यासारखे लगाम. या गोंधळाला शिस्त लावली एडवर्ड अँगल या अमेरिकन गृहस्थाने. माणूस १८५५ साली जन्मला, १९३० साली गेला, आणि मधल्या काळात बहुतेक सगळ्यांशी भांडला. १८९९ मध्ये त्याने वाकड्या दातांचे तीन वर्ग पाडले. पहिला, दुसरा, तिसरा; अगदी आगगाडीसारखे. वरची आणि खालची पहिली कायमची दाढ एकमेकींवर कशी बसते यावर वर्ग ठरायचा. आगगाडीत आणि यात फरक इतकाच, की इथे पहिल्या वर्गातही बसायला जागा नसते. त्याने १९०० साली सेंट लुईसला या विद्येची वेगळी शाळा काढली, आणि दंतवैद्यांमधून एक नवी जात निघाली: ऑर्थोडॉन्टिस्ट.

अँगलची एक ठाम श्रद्धा होती. देवाने माणसाला बत्तीस दात दिलेत ते हिशेबानेच दिलेत, म्हणून एकही उपटायचा नाही. सगळ्यांना रांगेत बसवायचे. ऐकायला छान. पण दहा बाय दहाच्या खोलीत बत्तीस पाहुणे झोपवायचे तर कुणाचे तरी पाय दाराबाहेर जाणारच. अँगलच्या रोग्यांचे दात रांगेत बसायचे खरे, पण पुष्कळांचे ओठ त्यावर मिटायचे नाहीत, आणि तारा काढल्या की मंडळी पुन्हा मूळच्या जागी निघायची. हे त्याच्याच लाडक्या शिष्याला, चार्ल्स ट्वीडला, दिसले. ट्वीड गुरूच्या शब्दाला प्रमाण मानणारा. गुरू हयात असेपर्यंत आणि नंतरही काही वर्षे त्याने एक दात काढला नाही. मग त्याने आपलेच बिघडलेले रोगी परत बोलावले, प्रत्येकाच्या चार उपदाढा काढल्या आणि पुन्हा उपचार केले. आणि १९४० साली अशा शंभर रोग्यांचे आधीचे व नंतरचे साचे व्यवसायबंधूंसमोर मांडले. शंभर रोगी, चारशे दाढा! अनेकांनी त्याला गुरुद्रोही ठरवले. मला मात्र त्या माणसाचे फार कौतुक वाटले. आपले चुकले, हे स्वतःच्याच गिऱ्हाइकांना परत बोलावून सांगायचे, ही गोष्ट सोपी नाही. माझे एकच गिऱ्हाईक होते, आणि तिला बोलवायला मला तीस वर्षांत जमले नव्हते.

पण मुळात जबड्यात जागा का नसते? काही मानववंशशास्त्रज्ञ म्हणतात, हा सुधारणेचा रोग आहे. शिकार करून जगणाऱ्या प्राचीन माणसांच्या कवट्यांत दातांची गर्दी क्वचित दिसते. पुढे अन्न शिजू लागले, मऊ झाले, वाढत्या वयात चावायचे कष्ट संपले, तशी जबड्याची वाढ कमी पडली. दात मात्र पूर्वीच्याच मापाचे राहिले. रॉबर्ट कोरुचिनी नावाच्या अमेरिकन संशोधकाने हे मत जोरात मांडले. सगळ्यांना ते मान्य नाही, आनुवंशिकतेचाही वाटा असतोच. मी हे सौ.ला वाचून दाखवले आणि कन्येला तिने पाच वर्षांची होईपर्यंत गुरगुट्या भात भरवल्याची आठवण करून दिली. दोष थोडा वाटून घ्यावा एवढाच हेतू होता. त्या रात्री मला ज्वारीची शिळी भाकरी मिळाली. "चावा," सौ. म्हणाली, "जबडा वाढेल."

आता एक शंका तुम्हालाही आली असेल. दात म्हणजे भिंतीतला खिळा. तो हलतो कसा? खिळा हलला तर भोक मोठे होते. १९०४च्या सुमारास कार्ल सँडस्टेट या स्वीडिश माणसाने कुत्र्यांच्या दातांवर दाब देऊन ते प्रकरण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. दात हाडात थेट रोवलेला नसतो. दात आणि हाड यांच्यामध्ये धाग्यांचा एक पातळ पडदा असतो आणि दात त्यात बाजेवर झोपल्यासारखा पडलेला असतो. दात एका बाजूला रेटला की त्या बाजूचे हाड खाणाऱ्या पेशी कामाला लागतात, आणि मागे जी पोकळी होते तिथे हाड बांधणाऱ्या पेशी येतात. म्हणजे पुढून महापालिकेचे पाडापाडी पथक आणि मागून बिल्डर. आणि यातली खरी गंमत पुढेच आहे. जोर फार लावला तर मधल्या पडद्यातले रक्ताभिसरण थांबते, पेशी मरतात आणि काम ठप्प होते. हलका, पण सतत दाब हवा. सरकारी कचेरीत काम करून घेतलेल्या माणसाला हे सूक्ष्मदर्शकाशिवायही ठाऊक असते.

हा हलका दाब देण्यासाठी पाऊणशे वर्षे तार वापरली. सुरुवातीला प्रत्येक दाताला धातूचे कडे चढवत. हसले की भांड्यांचे दुकान उघडल्यासारखे वाटे. मायकेल ब्युनोकोर याने १९५५ साली दाखवले की दाताच्या पृष्ठभागाला आधी सौम्य आम्ल लावले तर त्यावर डिंकासारखा पदार्थ घट्ट बसतो. त्यामुळे पुढे कडी गेली आणि दातावर चिकटवायच्या टिकल्या आल्या. जपानच्या किन्या फुजिता यांनी आणि कॅलिफोर्नियाच्या क्रेव्हन कुर्झ यांनी १९७०च्या दशकात तारा दातांच्या मागच्या बाजूला नेल्या. फुजितांच्या डोळ्यांसमोर कराटेसारखे खेळ खेळणारे लोक होते. पुढून ठोसा बसला की तारांनी ओठ फाटायचे. मागून लावल्यावर ओठ वाचले, जीभ सोलली. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात, त्यात जिभेचा उल्लेख राहून गेला आहे.

न दिसणाऱ्या साच्याची कल्पना मात्र याहून जुनी निघाली. हॅरोल्ड केसलिंग या अमेरिकन दंतवैद्याने तारांचे काम संपत आलेल्या रोग्यांसाठी रबराचा एक साचा केला होता. त्याने १९४५ सालीच लिहून ठेवले की दर खेपेला दात थोडे थोडे पुढे सरकवलेले असे एकामागून एक साचे केले तर मोठे कामसुद्धा होऊ शकेल. त्या काळी मात्र ते व्यवहारात जमण्यासारखे नव्हते. का नाही? तर प्रत्येक साच्यासाठी प्लास्टरचे दात करवतीने एकेक सुटे करायचे, मेणात केसभर सरकवून पुन्हा बसवायचे, आणि त्यावर साचा घालायचा. एका रोग्यासाठी हे पंचवीस वेळा कोण करणार? पुढे हेन्री नाहूम यांनी १९६४ साली प्लास्टिकचा पातळ पत्रा तापवून, हवा शोषून तो दातांच्या ठशावर बसवण्याची पद्धत मांडली. म्हणजे साचा होता, पत्रा होता, फक्त करवत चालवणारा माणूस नव्हता.

तो माणूस मिळाला नाहीच. त्याऐवजी कॉम्प्युटर मिळाला. आणि तो आणला कुणी, तर दाताशी ज्यांचा संबंध घासण्यापुरता होता अशा दोघांनी! झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ हे स्टॅनफर्डला व्यवस्थापन शिकणारे विद्यार्थी. चिश्तींनी मोठेपणी तारा लावून घेतल्या होत्या. तारा निघाल्यावर दात जागेवर धरून ठेवणारा साचा, म्हणजे रिटेनर, लावायला ते कंटाळले. (या इतिहासात आळसाला मानाचे पान आहे.) काही दिवसांनी पाहतात तो दात हललेले. घाबरून साचा पुन्हा चढवला, तर दात परत जागेवर! साचा दात नुसते धरत नाही, हलवतोही, हे केसलिंगने पन्नास वर्षांपूर्वी म्हटलेले या गृहस्थांनी स्वतःच्या तोंडात पुन्हा शोधले. मग १९९७ साली 'अलाइन टेक्नॉलॉजी' ही कंपनी निघाली, १९९८ मध्ये अमेरिकन सरकारच्या औषध खात्याची मंजुरी मिळाली आणि 'इनव्हिजलाइन' बाजारात आले. पुष्कळ ऑर्थोडॉन्टिस्टांनी नाके मुरडली. दोन व्यवस्थापनवाले येऊन आम्हाला दात शिकवणार!

युक्ती अशी होती. दातांचा ठसा कॉम्प्युटरमध्ये घालायचा. पडद्यावर प्रत्येक दात सुटा करायचा आणि पाव मिलिमीटरच्या आसपास एकेक पायरीने मुक्कामाला न्यायचा. मग प्रत्येक पायरीचा ठसा छापायचा. हो, छापायचा. चार्ल्स हल या अमेरिकनाने द्रवरूप प्लास्टिकवर किरण पाडून थरावर थर वस्तू घडवण्याचे पेटंट १९८६ मध्ये मिळवले होते, ते इथे कामाला आले. त्या छापलेल्या ठशावर प्लास्टिकचा पत्रा तापवून दाबला की झाला अलाइनर. मोदकाच्या साच्यासारखेच, फक्त इथे अठ्ठावीस मोदक, आणि प्रत्येक आधीच्यापेक्षा केसभर शहाणा.

पडद्यावर दात सरकवण्याचे काम सुरुवातीच्या काळात कुठे चालत असे? लाहोरला! अमेरिकेतल्या तोंडांचे नकाशे लाहोरात बसलेली तरुण मंडळी सरळ करत होती. आमच्या राघोबादादांनी १७५८ मध्ये लाहोर गाठले तेही एवढ्या दूरवरचे सरळ करायला गेले नव्हते. २००१च्या सप्टेंबरातल्या न्यूयॉर्कच्या हल्ल्यानंतर कंपनीने तो कारभार कोस्टा रिकाला हलवला. खुद्द चिश्ती पुढच्याच वर्षी कंपनीतून बाहेर पडले, २००५ साली 'ऑर्थोक्लिअर' नावाची दुसरी कंपनी काढून पहिलीच्या समोर उभे राहिले, खटले झाले, आणि २००६ साली दोन कोटी डॉलर घेऊन दुसरीने दुकान मिटले. दुसरीचे अर्ध्यावर सुटलेले रोगी पहिलीने पदरात घेतले. पेटंटे जुनी होऊ लागली तशी पुढे ढीगभर कंपन्या आल्या. अमेरिकेत २०१४ मध्ये निघालेल्या 'स्माइलडायरेक्टक्लब'ने तर दंतवैद्याच्या खुर्चीत न बसताच घरपोच टपालाने दात सरळ करण्याचा धंदा मांडला. ऑर्थोडॉन्टिस्टांच्या संघटनेने आरडाओरड केली. २०२३च्या डिसेंबरात ती कंपनी बंद पडली. दात अर्धवट सरळ झालेली गिऱ्हाइके वाऱ्यावर, आणि हप्ते मात्र भरत राहा असे त्यांना सांगण्यात आले. हप्त्यांच्या बाबतीत मी सगळ्या जगाशी नाते सांगू शकतो.

कन्येच्या अठ्ठावीस जोड्या होत्या. दर दहा दिवसांनी एक, म्हणजे दोनशे ऐंशी दिवस. सौ.ने लगेच बोटांवर मोजून सांगितले, "नऊ महिने नऊ दिवस! हे म्हणजे बाळंतपणच की!" आणि बाळंतपणाइतकीच पथ्ये. दिवसातले बावीस तास साचा तोंडात. खाताना काढायचा, चहालाही काढायचा, नाहीतर तो पिवळा पडतो, गरम चहाने वाकतोही. दात घासल्याशिवाय परत घालायचा नाही. दातांवर दातांच्याच रंगाचे बारीक उंचवटे चिकटवलेले, त्यांत साचा अडकतो म्हणून वळणारे दात वळतात. या हिशेबात कन्येचा चहा पाच कपांवरून दोनवर आला. माझा सातच राहिला, पण एकट्याने पिण्यात मजा उरली नाही.

अकरावी जोडी चालू असताना एका मुंजीला गेलो होतो. निळी डबी घरी राहिली, म्हणून कन्येने साचे कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवले. मठ्ठा पिऊन पाहते तो पुडी गायब! वाढपी पोरे पंगत उचलून गेली होती. मग मी आणि जावई, दोघेही झब्ब्याच्या बाह्या सरसावून, कार्यालयाच्या मागे उष्ट्याच्या पिंपात उतरलो, म्हणजे हातांनी.

"काय हरवलं काका?" एका पोराने विचारले.

"दात," मी म्हणालो.

"कवळी का?"

"नाही रे. पुढच्या दहा दिवसांचे दात."

ते पोर दोन पावले मागे सरकले. अर्ध्या तासाने, जिलबीच्या पाकाने कोपरापर्यंत माखून आम्ही परतलो, तेव्हा सौ. खुर्चीवर बसून विडा खात होती. पुडी तिच्या पर्समध्ये होती. "मला वाटलंच कुणीतरी फेकेल," ती म्हणाली. "म्हणून आधीच उचलून ठेवली."

"मग सांगायचं नाही का?"

"विचारलं का मला कुणी?"

त्याच रात्री कन्येने मला मोबाइलवर ते सरकणारे दात दाखवले. पडद्यावर फक्त पांढरे दात आणि गुलाबी हिरड्या; चेहरा नाही, ओठ नाहीत. पण मी ओळखले. तो डावा सुळा, गॅलरीत उभा राहून रस्ता बघणारा. खाली आकडे सरकत होते. एक, दोन, तीन. शेजारचे दात बाजूला होत होते, तो हळूहळू आत येत होता. तेराव्या-चौदाव्यापर्यंत आईच होती. चुलीपाशी बसून, पदर तोंडाला लावायच्या आत जेवढी दिसायची तेवढी. मग कधीतरी ती नव्हती. मी पुन्हा मागे नेऊन पाहिले. नेमका आकडा सापडेना.

"काय शोधताय बाबा?"

"कितव्या जोडीला आजी संपते ते बघत होतो."

ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "सोळा. मी पण बघितलं होतं."

मी तिला म्हणालो की १९९५ साली नऊ हजार होते. म्हणजे नव्हते, पण सोसायटीतून आणखी कर्ज निघाले असते. मी विचारलेच नाही. हे सांगायला मला तीस वर्षे आणि एवढा सगळा इतिहास लागला. ती म्हणाली, "मला माहितीय. आई म्हणाली होती." बघा, हीही बातमी मला सर्वांत शेवटी.

मग तिला जरा हसवावे म्हणून मी जपानची गोष्ट सांगितली. तिथे असा पुढे आलेला सुळा पोरींना शोभून दिसतो असे मानतात. त्याला 'याएबा' म्हणतात. पंधराएक वर्षांपूर्वी तर सरळ दातांच्या मुली पैसे मोजून दंतवैद्याकडून खोटा वाकडा सुळा चिकटवून घेत होत्या. "म्हणजे तेव्हा तिकडे गेलो असतो तर?" कन्या म्हणाली. "तर त्यांनीच आपल्याला नऊ हजार दिले असते," मी म्हणालो. तेव्हा ती हसली, आणि हसताना तिचा हात सवयीने तोंडाकडे गेला. दात अजून अर्ध्या वाटेवर होता.

आता अठ्ठावीस जोड्या संपल्या. सुळा रांगेत आला आहे. पण काम संपलेले नाही, कारण दातांना आपले गाव आठवते. हिरडीतले ताणलेले धागे त्यांना मागे ओढत राहतात, म्हणून रोज रात्री रिटेनर घालायचा. "किती दिवस?" मी विचारले. "कायम," ती म्हणाली. मध्यंतरी ती चार दिवस गावाला गेली आणि रिटेनर विसरली; परत आल्यावर घातला तर डावीकडे घट्ट बसत होता. हे तिने वैतागून सांगितले. मी ऐकून घेतले आणि बरे वाटल्याचे चेहऱ्यावर दिसू दिले नाही.

परवा तिने कपाट आवरायला काढले आणि जुन्या जोड्यांची पिशवी टाकून द्यायला बाहेर ठेवली. मी त्यातली पहिली जोडी काढून घेतली. तिच्या वरच्या साच्यात डावीकडे तो सुळा आहे, जवळजवळ जसाच्या तसा. पाव मिलिमीटर कमी असेल. प्लास्टिकचा आहे आणि आरपार दिसतो. माझ्या चष्म्याच्या जुन्या डबीत तो बरोबर बसला.

कन्येने पाहिले. मला वाटले, हसेल किंवा रागावेल.

"ठेवा हवी तर," ती म्हणाली. "धुतलेली आहे."